मधेच खाली बसलेला लॉर्ड

माझ्या भावाचा पुतळा कुठेही नाही, आणि कुणी उभारेल अशी भीतीही नाही. स्कार्नविकच्या लोकांना तो एकाच गोष्टीसाठी आठवतो. पार्लमेंटात भाषण करता करता तो मधेच खाली बसला. आजही गावातल्या दारूच्या गुत्त्यात बोलता बोलता कुणी अडखळला, की दुसरा म्हणतो, "काय रे, तुझा लॉर्ड झाला की काय?" आणि सगळे फिदीफिदी हसतात. एकदा गाडीतून जाताना मी स्वतःच्या कानांनी हे ऐकलं. गाडी थांबवून त्या मेल्याच्या कानाखाली जाळ काढावा असं वाटलं. पण मी पडले अर्लची मुलगी. आमच्याकडे असल्या कामांना माणसं ठेवलेली असतात, आणि आमचा गाडीवान तेव्हा पाठ फिरवून खुसखुसत होता.

खरं काय झालं ते मला माहीत आहे. बोलायची मला बंदी होती, लिहायची नव्हती. म्हणून लिहिते.

एव्हरार्ड माझ्याहून दोन वर्षांनी लहान. हुशार नव्हता. लॅटिन त्याच्या डोक्यात कधी शिरलं नाही, आणि बाहेर नेलेली छत्री त्याने कधी घरी परत आणली नाही. घोड्यांसाठी पावाचे तुकडे खिशात ठेवायची त्याला सवय होती. एकदा एका डचेसच्या शेजारी जेवायला बसला असताना त्याने रुमाल काढला, आणि तिच्या मांडीवर कालच्या पावाचा चुरा सांडला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर जमिनीत गेला असता. हा म्हणाला, "माफ करा, हा माझ्या घोडीचा होता." त्या बाईच्या मुलीशी त्याचं लग्न ठरत होतं. ते ठरता ठरता राहिलं. पुढेही राहिलंच.

अशा माणसाने राजकारणात का जावं? आमच्यात हा प्रश्न विचारत नाहीत. थोरला मुलगा पंचविशीचा झाला की त्याला पार्लमेंटच्या खालच्या सभागृहात पाठवायचं, ही रीत. मतदार सगळे पपांची कुळं. मत द्यायचं ते चारचौघांत, नाव पुकारून. पपांचा कारभारी समोर उभा. निवडून न येणं हेच जास्त कठीण होतं. थोरला मुलगा म्हणून पपांची एक जादाची पदवी त्याला वापरायला मिळाली होती, तेव्हा लोक त्याला लॉर्ड स्केल्बी म्हणत. पपा स्वतः थॉर्नबीचे अर्ल. गावाच्या भाषेत सांगायचं तर पपा मोठे सरकार आणि एव्हरार्ड धाकटे सरकार.

या थाटमाटात एक गोम होती, आणि सगळी कथा त्या गोमेची आहे. अर्लचा मुलगा खालच्या सभागृहात बसतो तो बाप जिवंत असेपर्यंतच. बापाने डोळे मिटले की मुलगा त्याच क्षणी अर्ल होतो, आणि खालची जागा त्याच क्षणी जाते. मग त्याने वरच्या सभागृहात जायचं, लाल गाद्यांवर बसून म्हाताऱ्यांबरोबर डुलक्या घ्यायच्या. नको म्हणता येत नाही. आठवडाभराची मुदत मागता येत नाही. आणि जिथे सरकारी तिजोरीतून पैसा काढायचा प्रश्न असेल, ते काम फक्त खालचं सभागृह सुरू करू शकतं. वरच्यांनी त्यावर मान डोलवायची.

एव्हरार्डला तिजोरीतून पैसा काढायचा होता. स्कार्नविकच्या तोंडाशी लाटा अडवणारा दगडी धक्का बांधायला.

आमचा किनारा ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. गावाच्या अगदी समोर काळा कातळ आहे. उत्तरेचा वारा सुटला की परत येणारी होडी दारातच त्यावर आपटते. मी नऊ वर्षांची असेन. आया आम्हा दोघांना घेऊन किनाऱ्यावर आली होती, आणि समोर कॅमिश नावाच्या कोळी कुटुंबाची होडी आपटली. इतक्या जवळ की माणसांची तोंडं ओळखू येत होती. सगळं गाव उभं राहून बघत होतं, कारण बघण्याशिवाय दुसरं काही करताच येत नव्हतं. जेथ्रो कॅमिश तेव्हा पोरसवदा होता. तो आपल्या भावाला नावाने हाका मारत होता. भाऊ हात वर करत होता. मग करेनासा झाला. आयाने माझे डोळे झाकले. एव्हरार्डचे झाकायला तिला तिसरा हात नव्हता.

पुढे आयुष्यभर त्याच्या डोक्यात जे काही शिरलं ते एवढंच.

"पपा, तुम्हीच बांधा ना," असं मी एकदा म्हणून पाहिलं होतं. पण आजोबांनी पत्ते आणि घोडे यांच्यापायी जमीन कर्जांत आणि करारांत अशी बांधून ठेवली होती की पपांना स्वतःचं झाड तोडायलाही वकिलाला विचारावं लागे. शिवाय पपांचा धक्क्याला विरोध होता. ते रोज सकाळी लोकरी टोपी घालून वरच्या खिडकीत दुर्बीण घेऊन बसत. "माझ्या समुद्रात दगड नकोत," म्हणत. होड्या परत येताना आमच्या कड्याखालून जात, कोळी शीड जरा खाली करून पुन्हा वर करत आणि डोक्यावरच्या टोप्या काढत. मोठ्या सरकारांना सलाम. पपा बोटही हलवत नसत. त्यांनी बोट हलवलं असतं तर कोळ्यांना वाटलं असतं की काहीतरी बिघडलं.

तर एव्हरार्ड वर्षानुवर्षं धक्क्याच्या मागे लागला. त्याला बोलता येत नसे. बायकांसाठी सभागृहात वर जाळीमागे कोंदट जागा असते, तिथे बसून मी त्याचं पहिलं भाषण ऐकलं. जाळी दातांनी तोडावी असं वाटत होतं. तो एक वाक्य सुरू करी, त्यातून दुसऱ्यात शिरे आणि परतीची वाट विसरे. समोरचे बाक जांभया देत. पलीकडच्या मोठ्या बंदराचे मालक आणि त्यांचे मित्र याला पाण्यात पाहत. स्कार्नविकला धक्का झाला तर हेरिंग मासळीचा सगळा व्यापार इकडे वळेल अशी त्यांना धास्ती. पण हा बाबा हटेना. लोकांना जेवायला बोलावी, खिशातून पावाच्या चुऱ्यासकट नकाशे काढी, आणि त्याच त्या कातळाची गोष्ट सांगे. शेवटी लोक कंटाळून हो म्हणू लागले. देशाचे बरेचसे चांगले कायदे असेच झाले असावेत.

त्या वर्षी मार्च महिन्यात विधेयक शेवटच्या वाचनाला आलं. बुधवारी दुपारी मत. चार-पाच मतांचा फरक, इकडे किंवा तिकडे. आणि त्याच्या आदल्याच आठवड्यात पपा अंथरुणाला खिळले.

गाड्यांचा खडखडाट ऐकू येऊ नये म्हणून आम्ही रस्त्यावर पेंढा पसरला. डॉक्टर घरीच राहायला आले. एव्हरार्ड लंडनहून धावत आला. सोमवारी सकाळी परत निघण्याआधी तो पपांच्या खोलीत गेला. मी उशाशी होते.

पपांनी एक डोळा उघडला. "काय, मी मरतोय का ते बघायला आलास?"

"नाही, पपा."

"मग जगतोय का ते बघायला?"

एव्हरार्ड लाल झाला. त्याला खोटं बोलता येत नसे, हा त्याचा आणखी एक दोष. "दोन्ही, पपा," तो म्हणाला. "बुधवारी मत आहे."

"कशाचं? त्या तुझ्या दगडांचं?"

"हो."

"म्हणजे मी बुधवारपर्यंत थांबायचं. तुझ्या कोळ्यांसाठी."

"थांबलात तर फार बरं होईल, पपा."

मला वाटलं, आता म्हातारा काठी फेकणार. पण त्यांनी नजर छताकडे वळवली. मग म्हणाले, "त्या कॅमिशाचा भाऊ. मीही पाहत होतो तेव्हा. दुर्बिणीतून." आणि थोड्या वेळाने, "बुधवार म्हणे. बघू. जा आता, गाडी चुकेल. आणि बोलताना हात खिशातून काढ."

एव्हरार्ड जिना उतरताना रडत होता. त्याला दारापर्यंत सोडलं तेव्हा त्याने माझा हात धरला. "कॉनी, ते खरंच थांबतील का गं?"

"आपल्याला त्रास द्यायला ते इतकी वर्षं जगले," मी म्हटलं. "आता दोन दिवस उपकार म्हणून जगतील."

आणि खरंच, मी माझ्या बापाला असा कधी पाहिला नव्हता. श्वास घेताना छाती करकरत होती. डॉक्टरांनी सोमवारी संध्याकाळीच हात टेकले होते. पण दर थोड्या वेळाने पपा डोळे उघडत आणि विचारत, "आज वार कोणता?" मी म्हणे, "सोमवार, पपा." ते चिडून डोळे मिटत. "आज वार कोणता?" "मंगळवार." "अजून मंगळवारच? काय करता काय तुम्ही लोक?"

बुधवारी उजाडलं. पडद्याच्या फटीतून राखाडी उजेड आला. पपांनी डोळे उघडले. आवाज इतका बारीक की मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"वार?"

"बुधवार, पपा." माझ्या आवाजात आनंद होता. देवा, माझ्या आवाजात आनंद होता.

"झालं तर मग," ते म्हणाले. दिलेला शब्द पाळलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा सैल झाला, आणि ते गेले.

मत दुपारी होतं. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मी किती वेळ त्यांचा हात धरून बसले होते कोण जाणे. दुःख झालं होतं, पण खरं सांगते, दुःखाच्या आधी राग आला. त्यांचा नाही, त्या रीतीचा. एक म्हातारा इथे श्वास सोडतो आणि दूर लंडनमध्ये एका माणसाच्या पायाखालची जमीन जाते. मग मनात आलं, जाते ती कळल्यावर. एव्हरार्डला कळलंच नाही तर तो उभा राहील, बोलेल, मत पडेल. नंतर कुणी कितीही बोंबललं तरी मोजलेली मतं परत पिशवीत जात नाहीत.

मी खोलीचं दार लावलं. आत आम्ही चौघं होतो. मी, डॉक्टर, घरकाम बघणाऱ्या मिसेस डाउसन आणि पपांचा खास नोकर फिंच, ज्याने तीस वर्षं त्यांची दाढी केली होती.

"मोठे सरकार संध्याकाळपर्यंत जिवंत आहेत," मी म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग पलंगाकडे. भला माणूस. "माझा नाश्ता व्हायचाय," ते म्हणाले. "आणि मी फार हळू खातो. खाणं संपल्याशिवाय मी कुणालाही मेलेला म्हणत नाही." आणि ते खाली गेले.

मिसेस डाउसन मात्र हुंदके देऊ लागल्या. "बाईसाहेब, पडदे तरी ओढू द्या! घड्याळं थांबवायला हवीत, निशाण खाली घ्यायला हवं. अशी उघडी खिडकी ठेवून मोठ्या सरकारांना... लोक काय म्हणतील?"

"लोक काही म्हणू नयेत म्हणूनच उघडी ठेवायची."

"पण बरं दिसत नाही हो ते!"

"डाउसन, आज एक दिवस बरं न दिसता काढा."

निशाण वर राहिलं, घड्याळं टिकटिकत राहिली. आणि मग मला होड्या आठवल्या. त्या परत यायची वेळ झाली होती. आठवडाभर खिडकीत कुणी नव्हतं, आणि गावाला पपा आजारी असल्याचं ठाऊक होतं. मी थोडं गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण कामाला लागलेल्या डोक्याला गप्प बसवत नाही. मला वाटलं, आज खिडकीत मोठे सरकार दिसले तर गाव दिवसभर निर्धास्त. उलट बरे होताहेत म्हणून आनंदात राहील.

"फिंच, सरकारांचा झगा घाल."

"मी? बाईसाहेब, मी?"

"टोपीही. आणि खिडकीत बस. दुर्बीण हातात धर. काही करायचं नाही. हलायचंसुद्धा नाही. सरकार कसे बसायचे ते तुला ठाऊक आहे."

"मी त्यांच्या खुर्चीत कसा बसू हो? ते इथेच आहेत!" आणि त्याने पलंगाकडे बोट केलं.

शेवटी बसला. दुरून पाहिलं तर हुबेहूब पपा. मी पडद्याआड उभी राहिले. होड्या कड्याखाली आल्या. सगळ्यांत पुढे जेथ्रो कॅमिशची, सुकाणूवर तो स्वतः, शिडाच्या दोरीशी त्याचा मुलगा एमॉस. त्यांनी वर पाहिलं. खिडकीत टोपी दिसली. एमॉस आनंदाने काहीतरी ओरडला. शीड खाली आलं, पुन्हा वर गेलं, आणि सगळ्यांनी मिळून टोप्या काढल्या.

आणि फिंच उठून उभा राहिला. जन्मात त्याला कधी कुणी टोपी काढली नव्हती. पंचवीस-तीस माणसं एकदम त्याच्यासमोर बोडक्या डोक्याने उभी. त्या माणसाच्या अंगात वाढलेली सगळी अदब एकदम वर आली. तो ताडकन उठला, पपांची टोपी काढली आणि कमरेत वाकला.

"बस! बस खाली, गाढवा!" मी पडद्यामागून ओरडले.

पण खालची होडी क्षणभर वाऱ्यावर तशीच डगमगत राहिली. जेथ्रोचा चेहरा मला दिसत होता. अर्ल टोपी काढत नसतो. हे त्या किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. खिडकीत दुसराच कुणी असेल, तर खरे मोठे सरकार कुठे आहेत, हे कळायला फार शहाणपण लागत नव्हतं.

फिंच गुडघ्यांवर बसून रडत होता. "बाईसाहेब, मला मारा. आपोआप झालं. पाय आपोआप उठले."

मी काय मारणार? जो जन्मभर फक्त उभं राहायलाच शिकला, त्याला मीच खुर्चीत बसवलं होतं.

टोपी घालायचंही भान न राहता मी गावाकडे निघाले. चालत. घोडा जोडायला वेळ लागला असता आणि पळायची मला सवय नव्हती. कडा उतरते न उतरते तोच घंटा सुरू झाली. चर्चची मोठी घंटा, माणूस गेल्याची, संथ, एक ठोका, मग शांतता, मग पुढचा ठोका. घंटेचा दोर ओढायचं मानाचं काम कॅमिशांचं. जेथ्रो मासळीसुद्धा न उतरवता सरळ चर्चमध्ये गेला होता. स्वतःच्या भावासाठी त्याने ती वाजवली होती, आता आमच्या बापासाठी वाजवत होता. मी धापा टाकत आत शिरले तेव्हा त्याच्या ओल्या दाढीवरून आसवं ओघळत होती.

"बाईसाहेब," तो म्हणाला, "तुमी घरातलं दुःख झाकून ठिवलं. आमाला तरास नको म्हणून. ते समजतं बघा आमाला. पर मोठ्या सरकारांना घंटेबिगर कसं जाऊ द्यायचं?"

"थांब, जेथ्रो. थांबव ती."

"मधीच थांबवली तर जीव वाटंत अडकतो म्हणत्यात. ऱ्हाऊ द्या. आन् धाकट्या सरकारांची काळजी करू नगा. गावानं वर्गणी काढून त्यांस्नी तार धाडलीया. एमॉस गेला पळत टेसनावर. गावाची पयली तार हाय ही, बाईसाहेब!"

त्याच्या तोंडावर अभिमान होता. मला बाकावर बसावं लागलं. त्याला वाटलं, मी बापासाठी रडते आहे. त्याने माझ्या खांद्यावर ठेवायला हात पुढे केला, मग आपला हात बघून मागे घेतला, कारण त्याला खवले चिकटले होते.

पुढचं मला एव्हरार्डने सांगितलं, एकदाच.

तो उभा राहून बोलत होता. आयुष्यात पहिल्यांदा बरं बोलत होता. हात खिशाबाहेर होते. कातळाची गोष्ट अशी सांगत होता की जांभया देणारे पुढे झुकून ऐकत होते. तेवढ्यात शेजारच्या बाकावरून हातोहात एक तार त्याच्यापर्यंत आली. त्याला वाटलं, पपा बरे आहेत असं मी कळवलं असेल. त्याने पाकीट हातात घेतलं. फोडलंही नाही. वर नाव होतं: थॉर्नबीचे अर्ल यांस.

बाप गेल्याचं त्याला असं कळलं. स्वतःच्या नव्या नावावरून. गावाने मान म्हणून लिहिलं होतं ते. पहिलीच तार, त्यात चूक नको, म्हणून स्टेशनमास्तरांना दोनदा विचारून.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"बसलो."

"वाक्य तरी पुरं करायचंस!"

"मला तिथे उभं राहायचा हक्क नव्हता, कॉनी."

"अरे, पाकीट खिशात टाकायचं होतंस! पावाचा चुरा मावतो तिथे एक तार मावली नसती? थोडाच वेळ होता! कुणाला कळलं असतं?"

"मला कळलं होतं," तो म्हणाला.

मला त्याचा संताप आला. अजून येतो. मी असते तर बोलले असते, मत घेतलं असतं आणि मग सुतक पाळलं असतं. पण आम्हा बायकांची जागा जाळीमागे, आणि जो समोर उभा होता त्याला खोटं उभं राहता येईना. कुणाला काही समजेना. दुसरं कुणी बोलायला उठेना. मत पडलं आणि विधेयक पडलं. आठवड्याभरात त्याच्या रिकाम्या जागेवर पलीकडच्या बंदरवाल्यांचा मुलगा निवडून आला. पपांची कुळं, पण कारभारी नवा, दारू बंदरवाल्यांची. वरच्या सभागृहात एव्हरार्डला लाल गादी मिळाली. तिथून तिजोरीला हात लावता येत नव्हता.

पपांच्या दफनानंतर जेथ्रो आमच्या घरी आला. टोपी हातात घेऊन दिवाणखान्याच्या उंबऱ्याशी उभा राहिला.

"मोठं सरकार," तो म्हणाला. आता ते एव्हरार्डला उद्देशून होतं. "छापून आलंया की तुमी बोलता बोलता खाली बसलात. गावात लोक काय बी बोलाया लागलेत. बंदरवाल्यांनी फितवलं म्हणं. म्या म्हनलं, आपण इचारून येतो. का बसलात?"

मी तोंड उघडलं. एव्हरार्डने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याने माझ्याकडे तसं कधीच पाहिलं नव्हतं. मी तोंड मिटलं.

"पाय भरून आले होते, जेथ्रो," तो म्हणाला.

"पाय?"

"हो. फार वेळ उभा होतो."

जेथ्रोने हातातली टोपी झटकली. मग त्याने टोपी डोक्यावर घातली. आमच्या घरात, अर्लच्या समोर. आणि निघून गेला.

दार लागताच मी भावावर तुटून पडले. "तू त्याला सांगत का नाहीस? त्याच्या घंटेने केलं, त्याच्या तारेने केलं! तू का शिव्या खायच्या?"

"त्याने पपांवरच्या मायेने घंटा वाजवली," एव्हरार्ड म्हणाला. "आता धक्का होणार नाही. आज ना उद्या त्यांच्यातला कुणीतरी त्या कातळावर जाणार. तेव्हा त्याला काय वाटावं? की लॉर्ड नालायक निघाला? की हे आपल्याच हाताने झालं? नालायक लॉर्ड परवडतो गं. त्यांना सवय आहे. तू कुणाला सांगायचं नाहीस, कॉनी. मी मेल्यावरसुद्धा नाही."

मी शब्द दिला. आमच्या घरात शब्द फार पाळतात. त्याचं काय होतं ते पाहिलंच.

त्याच वर्षी शरदात उत्तरेचा वारा सुटला आणि एमॉस कॅमिश कातळावर गेला. पुन्हा सगळं गाव किनाऱ्यावर उभं होतं. एव्हरार्डही होता. कमरेइतक्या पाण्यात शिरला होता, त्याला चौघांनी ओढून काढला. त्याच्या अंगाला हात लावताना एकजण म्हणाला, "आता उभे ऱ्हायलात होय सरकार?" त्याने ऐकलं.

नंतरची वर्षं लिहिण्यासारखी नाहीत. तो सत्राच्या काळात लंडनला जाई, लाल गादीवर बसे, घरी येई. दर सत्रात कुणा ना कुणा खालच्या सभासदाला गाठून धक्क्याची गोष्ट सांगे. ते "हो हो, बघू" म्हणत. बाकीच्या दिवसांत रोज सकाळी तो पपांच्या खुर्चीत, त्याच खिडकीत बसे. होड्या कड्याखालून जात. शीड कुणी खाली करत नसे, टोपी कुणी काढत नसे. हाच उभा राही. प्रत्येक होडीला उभा राहून टोपी काढी, पार ती दिसेनाशी होईपर्यंत. थंडीत, पावसात. मी म्हणे, "एव्ही, ते वर बघतसुद्धा नाहीत." तो म्हणे, "माहितेय." अशानेच छातीत कफ साठून या जानेवारीत तो गेला. खुर्चीत नाही, खुर्चीसमोर.

दुसऱ्या दिवशी जेथ्रो आला. पाठ वाकलेली, दाढी पांढरी. या खेपेला टोपी काढली होती, पण ती माझ्यासाठी, बाईमाणूस म्हणून.

"बाईसाहेब, घंटेचं काय करायचं?" त्याने विचारलं. "पोरं म्हणत्यात, ह्या सरकारांनी काय केलं आपल्यासाठी? कशाला वाजवायची? खरं सांगू, माझ्या बी मनात न्हाई. पर मी म्हनलं, रीत ती रीत. तुमच्या वडलांसाठी वाजवली होती. तेवढं तरी ह्या घरासाठी मी बरोबर केलं. म्हणून इचाराया आलो."

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. पाकीट, नाव, पपांचा बुधवार, सगळं. समोर त्याचे हात होते, गाठी पडलेले. त्यातली दोन बोटं आता मिटत नव्हती. एकाच वाक्याने माझा भाऊ मोकळा झाला असता. आणि हा म्हातारा घरी जाऊन एमॉसच्या रिकाम्या बिछान्यासमोर बसला असता.

"वाजव, जेथ्रो," मी म्हणाले. "तुझ्यासारखी कुणाला वाजवता येत नाही."

तो जरा खूष झाला. टोपी घालून कडा उतरू लागला. मी खिडकीत जाऊन भावाच्या खुर्चीमागे उभी राहिले. थोड्या वेळाने घंटा सुरू झाली. त्याने ती शेवटपर्यंत वाजवली, मधे कुठेही न थांबता.